एका हाताचा जोडीदार

मित्रांनो, मी एक जुना बाहुला आहे. शोभेचा नव्हे आणि खेळण्यातलाही नव्हे. कुस्तीच्या व्यायामशाळेत डाव घोटण्यासाठी माणसाएवढा जो बाहुला ठेवतात, तो मी. माझी त्वचा ताडपत्रीची असून उदरात चिंध्या आणि लाकडाचा भुसा भरलेला आहे. मला चेहरा नाही. डावा हात आहे, उजवा नाही. पडणे हा माझा धर्म आहे आणि तो मी आजवर निष्ठेने पाळला आहे. पडण्याला जे अपमान समजतात त्यांनी माझे वृत्त ऐकू नये, असे मी म्हणणार होतो. पण खरे तर त्यांनीच ते आधी ऐकावे.

माझा जन्म एका ताडपत्री शिवणाऱ्या कारागिराच्या दुकानात झाला. मालमोटारींची आच्छादने, तंबू, टाक्यांची झाकणे अशी कामे तो करी. व्यायामशाळेच्या वस्तादांनी, म्हणजे तेथे कुस्ती शिकवणाऱ्या गुरूंनी, त्याच्याकडे बाहुला मागितला, तेव्हा त्याने आयुष्यात प्रथमच मानवी देहाचे माप घेतले. आपल्या धाकट्या भावाला त्याने ताडपत्रीवर निजवले आणि त्याच्याभोवती खडूची रेघ काढली. भाऊ लाजून पोट आत ओढून निजला होता. म्हणूनच मी आजही कमरेत सडपातळ आहे.

कारागिराने मला दुहेरी दोऱ्याने शिवले. हाती टोचा घेतला की तो एक वाक्य हमखास उच्चारी. "भोक दिसलं की बुजवायचं. पाणी काही विचारत नाही, तुम्ही दमलात का म्हणून!" मित्रांनो, हे वाक्य ध्यानात असू द्या. पुढे याच वाक्याने आमचा घात केला.

हातगाडीवर घालून त्याने मला व्यायामशाळेत आणले, तेव्हा त्याची नऊ वर्षांची लेक गाडीला मागून रेटा देत होती. वस्तादांनी मला गादीवर उभे केले. मुले पुढे सरसावण्यापूर्वीच त्या मुलीने माझ्या कमरेला मिठी घातली आणि माझे पाय जमिनीपासून वीतभर उचललेही. व्यायामशाळेचे व्यवस्थापक धावत आले.

"अगं अगं, सोड! लागेल तुला." मग ते कारागिराकडे वळले. "मुलींना जपायला हवं हो."

त्यांचा स्वर मायेचा होता, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. मुलीने मला सोडले. पण सोडताना तिने माझ्या पाठीला असा करकचून चिमटा काढला की, जणू वस्तू आपली आहे अशी खूणच तिने करून ठेवली.

त्यानंतरची आठ वर्षे माझ्या वैभवाची होती. रोज सायंकाळी पन्नास वेळा मी पडे, पन्नास वेळा उचलला जाई. "हा माझा सगळ्यात गुणी शिष्य," वस्ताद म्हणत. "उलट बोलत नाही, उशिरा येत नाही, आणि आईला घेऊन तक्रार करायला तर कधीच येत नाही." पुढे एके दिवशी माझ्यावर आधी कोणी सराव करायचा यावरून दोन मुलांची जुंपली. एकाने डावा हात धरला, दुसऱ्याने उजवा. उजवा हात धरणारा अधिक बलवान निघाला. तो हात पुढे कोठे गेला, कोणास ठाऊक. खांद्यातून भुसा सांडत असलेल्या माझ्याकडे पाहून व्यवस्थापक हळहळले आणि म्हणाले, "आत ठेवा त्याला. जपून ठेवा."

अशा रीतीने मला जपण्यात आले. मोडक्या बाकांच्या मागे, अडगळीच्या खोलीत, तब्बल अकरा वर्षे. मित्रांनो, आठ वर्षे मल्लांनी मला आपटले, परंतु माझा एक टाकाही उसवला नव्हता. तो हात तुटला, तोदेखील भांडणात. जपणुकीच्या अकरा वर्षांत मात्र उंदरांनी माझे अर्धे पोट नेले, कमरेला बुरशी चढली आणि आतला भुसा दगडासारखा थिजला. तेव्हापासून 'जपणे' हा शब्द कानी पडला की मी सावध होतो.

एका दुपारी दार उघडले. उंच, एका गुडघ्यात किंचित लंगडणारी एक स्त्री बाके बाजूला सारत आत आली. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि बरोबर त्याच जागी चिमटा काढला.

"ओळखलंस का रे?" ती म्हणाली.

कारागिराची लेक परत आली होती. मामाच्या गावी राहून ती कुस्ती शिकली होती, मोठमोठ्या स्पर्धांत लढली होती आणि गुडघा निकामी झाल्यावर माघारी आली होती. वडिलांची दृष्टी मंदावल्यामुळे सकाळी दुकानातले यंत्र ती चालवी. दुपारी तिला मुलींना कुस्ती शिकवायची होती. व्यवस्थापक आता पिकले होते, पण त्यांचे वाक्य हिरवेच होते. मुलींना जपायला हवे, असे म्हणून त्यांनी सायंकाळची वेळ नाकारली आणि दुपारी दोन ते साडेतीन ही वेळ दिली. त्या वेळी पत्र्याचे छत असे तापते की गादीवर पाऊल टेकताच माणूस मांजरासारखी उडी मारतो.

"आणि सरावाला जोडीदार?" तिने विचारले.

"ते तुमचं तुम्ही बघा. आमची मुलं मुलींशी धरत नाहीत."

म्हणून ती मला शोधत आली होती. तिने माझे पोट उसवले, नवा भुसा भरला, बुरशी घासून काढली. उजव्या खांद्याचे भोक मात्र तिने ताडपत्रीचा तुकडा लावून पक्के बुजवले आणि दोरा दातांनी तोडला. नवा हात शिवावा, हे तिच्या मनातही आले नाही. पित्याची शिकवण अशी होती की भोक बुजले म्हणजे काम झाले. पाणी गळणार नव्हते. आणखी काय हवे?

पहिल्या आठवड्यात पाच मुली आल्या. पाचही जणींची वजने इतकी भिन्न की एकीची दुसरीशी जोड जमेना. त्यामुळे मी सर्वांचा जोडीदार झालो. त्यांच्यात जी सर्वांत लहानखुरी होती, तिला सारे 'कुलूप' म्हणत, कारण तिने एकदा मनगट धरले की ते सुटत नसे. ती बोलेही कुलपासारखीच, म्हणजे क्वचित आणि खटकन. तिची आई इस्त्रीचे दुकान सांभाळी. एकदा ती दारात उभी राहून लेकीला पाहत होती. कुलपाने मला कमरेवर घेऊन धाडकन पाडले, तशी माउली कडाडली.

"एवढा बाप्या उचलतेस होय गं? आणि घरी पाण्याची बादली तेवढी जड होते तुला!"

"बादलीला मान नसते, आई," कुलूप म्हणाली. "धरायचं कुठं?"

त्या दिवशी त्या तापलेल्या छताखाली पाच मुली आणि दोन बाया पोट धरून हसल्या. बाईंनी, म्हणजे कारागिराच्या लेकीने, मुलींना ढाक हा डाव प्राणपणाने शिकवला. एका हाताने प्रतिस्पर्ध्याचा दंड धरायचा, दुसऱ्या हाताने मानेला वेढा घालायचा आणि त्याला कमरेवरून पलीकडे टाकायचे. वर्षभरात पाचही मुली तो डाव डोळे मिटूनही टाकू लागल्या. मला अभिमान वाटे. आमचा घात तयार होत आहे, हे मलाही कळले नाही.

वार्षिक स्पर्धेला कुलपासह चौघी गेल्या आणि चौघी हरून आल्या. सगळ्या एकाच तऱ्हेने हरल्या. पहिल्याच कुस्तीत पलीकडच्या संघाच्या प्रशिक्षकांनी आमचे मर्म ओळखले. त्यांचा आवाज असा दणदणीत की लोक त्यांना 'भोंगा' म्हणत. "डावा हात आत घ्या गं! पोटाशी घ्या!" असे ते ओरडले. त्यांच्या मुलींनी डावा हात पोटाशी दुमडला आणि आमच्या मुलींना धरायला काही उरलेच नाही. प्रतिस्पर्धी मुलीचा उजवा हात समोर मोकळा होता. तो कसा धरावा, हे आमच्यापैकी एकीलाही ठाऊक नव्हते.

व्यवस्थापकांनी दुसऱ्या दिवशी बाईंना बोलावले. मी कोपऱ्यातून ऐकत होतो.

"बाई, बाहुल्याशी खेळून कुस्ती येत नसते. मुलांची दुसरी तुकडी जागा मागतेय. मी एक वर्ष थांबतो. पुढच्या वेळी एकीनं तरी एक कुस्ती मारून दाखवावी. पदक नको मला, एक कुस्ती. नाहीतर दुपारची वेळ गेली असं समजा."

ते गेल्यावर बाई माझ्यासमोर मांडी घालून बसल्या. माझा बुजवलेला खांदा त्यांनी बोटांनी चाचपला. मग त्यांनी मुलींना जवळ बोलावले.

"चूक तुमची नाही. ह्याला उजवा हात नाही, म्हणून तुम्हाला उजव्या हाताची ओळख नाही. मी भोक बुजवलं आणि स्वतःला शहाणी समजले."

मित्रांनो, आपल्या शिष्यांपुढे आपली चूक अशी स्वच्छ शब्दांत सांगणारे गुरू मी त्यापूर्वी पाहिले नव्हते. मला स्वतःलाही लाज वाटली. माझे व्यंग त्या निष्पाप मुलींच्या अंगात उतरले होते.

बाईंनी टोचा घेतला आणि खांद्याचे ठिगळ उसवले. त्या जागी त्यांनी ताडपत्रीची एक बाही शिवली. पण ती भरली नाही, रिकामी ठेवली आणि मागच्या बाजूने उघडी ठेवली. मग माझ्या पाठीशी उभे राहून एका हाताने त्यांनी मला सावरले आणि स्वतःचा उजवा हात त्या बाहीतून पुढे काढला. "या," त्या म्हणाल्या. "आता धरा."

माझ्या देहाला जिवंत हात फुटला. तो हात ढकलत होता, निसटत होता, कधी पोटाशी दडत होता. मुली गोंधळल्या. हळूहळू त्या हाताशी झगडू लागल्या. डाव बसला की मी पलीकडे पडे आणि बाईंचा हात मागून सटकन मोकळा होई. एकदा मात्र तो मोकळा झाला नाही. कुलपाने मला टाकले, बाईंचे मनगट बाहीत पिरगळले आणि आठ दिवस त्यांना कात्री धरता आली नाही.

त्या दिवसापासून कुलूप बिघडले. ती मला कमरेवर घेई आणि पलीकडे टाकण्याऐवजी अलगद खाली ठेवी, जणू मी काचेचा आहे.

"टाक!" बाई ओरडत.

"तुमचा हात..."

"माझा हात माझ्यापाशी. तू तुझा डाव बघ."

पण तिच्याने ते होईना. महिना गेला. इतर मुली कुजबुजू लागल्या आणि दारावरून जाणारी मुले टोमणे मारू लागली. "निजवतेय की काय त्याला? अंगाई पण म्हण!" अखेर एका दुपारी कुलूप माझ्या पाठीशी येऊन उभी राहिली आणि कोणालाही न विचारता तिने आपलाच हात बाहीत घातला.

"आधी मला पाडा," ती म्हणाली. "हाताला काय होतं, ते मला कळू दे."

मुलींनी आम्हा दोघांना त्या दुपारी तीस वेळा पाडले. तिचा कोपर सोलवटला. परंतु तिला एक गोष्ट कळली, जी मला आठ वर्षांत आणि बाईंना वर्षभरात कळली नव्हती. कोणी खेचणार असे वाटले की हात आधी किंचित मागे जातो, मग पुढे येतो. तो मागे जात असतानाच त्याच्याबरोबर आत शिरायचे. हे तिने बाईंना तीन वाक्यांत सांगितले. तिच्या मानाने ते भाषणच होते. दुसऱ्या दिवशी बाईंनी बाहीत हात घातला आणि कुलपाने मला असे टाकले की छताचा पत्रा दणाणला. बाईंचा हात मात्र अलगद मोकळा झाला होता.

स्पर्धेच्या दिवशी त्यांनी मलाही सोबत नेले, कारण अंग गरम करायला आम्हाला दुसरा जोडीदार कोण देणार होता? बसमध्ये त्यांनी मला खिडकीशी बसवले. वाहकाने माझ्याकडे पाहिले.

"हा कोण?"

"आमचा जोडीदार," कुलूप म्हणाली.

"तोंड नाही, एक हात नाही. अर्धं तिकीट तरी काढा!"

मुली हसल्या, तो हसला, आणि मी सन्मानाने फुकट प्रवास केला.

सकाळी वजने झाली, तेव्हाच विपरीत घडले. कुलपाच्या वजनगटात दुसरी एकच मुलगी होती आणि तिचे वजन मर्यादेबाहेर गेले. कुलपाला न लढताच पदक मिळाले. उरलेल्या तिघी झुंजल्या, गेल्या वर्षापेक्षा फार चांगल्या झुंजल्या, दोन्ही बाजूंनी लढल्या. तरीही थोड्या थोड्या गुणांनी त्या हरल्या. व्यवस्थापक पाहुण्यांच्या रांगेत बसले होते. बाई पदक घेऊन त्यांच्याकडे गेल्या. ते सौम्यपणे म्हणाले, "अभिनंदन. पण मी कुस्ती म्हणालो होतो, बाई. पदक नव्हे."

शब्दाने पाहता ते बरोबर होते. कुलपाने गळ्यातले पदक काढून माझ्या गळ्यात घातले आणि ती तडक भोंग्यांपुढे जाऊन उभी राहिली.

"काका, तुमची कोणी मुलगी माझ्याशी धरेल का?"

भोंग्यांनी तिला आपादमस्तक न्याहाळले. "अगं, माझी सगळ्यात हलकी पोरगीसुद्धा तुझ्यापेक्षा तीन किलोंनी भारी आहे."

"मग चांगलंच आहे. धरायला जास्त मिळेल."

भोंगा गडगडाटी हसले. पंचांना विचारण्यात आले, दोन्ही प्रशिक्षकांची संमती घेण्यात आली आणि सर्व लढती संपल्यावर मैत्रीची म्हणून एक कुस्ती ठरली. मी गादीच्या कडेला, गळ्यात पदक घालून, भिंतीला टेकून उभा होतो. पाच मुलींची दुपार त्या लहानखुऱ्या मुलीच्या दोन हातांवर येऊन ठेपली होती.

शिट्टी झाली. समोरची मुलगी बळकट होती. तिने कुलपाला दोनदा गादीबाहेर रेटले आणि गुण मिळवले. पूर्वार्ध संपला तेव्हा कुलूप दोन गुणांनी मागे होती. बाईंनी तिच्या तोंडावर पाणी मारले. मग आपला उजवा हात तिच्यासमोर धरून एकदा मागे नेला आणि पुढे आणला.

उत्तरार्ध सुरू होताच कुलपाने डाव्या दंडावर झडप घातली. तिकडून भोंगा कडाडले. "डावा आत! पोटाशी घे! गेल्या वर्षी हिला उजवीकडचं येत नव्हतं!"

त्या मुलीने आज्ञाधारकपणे डावा हात पोटाशी दुमडला. तिचा उजवा हात समोर मोकळा राहिला. तो किंचित मागे गेला. त्याच क्षणी कुलूप त्याच्याबरोबर आत शिरली. दंड धरला गेला, मानेला वेढा पडला, कंबर वळली आणि तीन किलो भारी देह हवेत उलटा झाला. दोन्ही खांदे गादीला लागले. पंचांनी गादीवर हात आपटला.

पाठ गादीवर आदळल्याचा तो आवाज मी हजारो वेळा ऐकला आहे, मित्रांनो. प्रथमच तो माझ्या पाठीचा नव्हता.

व्यवस्थापक उठून आले. चष्मा पुसत ते म्हणाले, "छान झाली कुस्ती. फक्त ही मैत्रीची लढत. कागदावर येत नाही हो."

"तुम्ही कागद म्हणाला नव्हता," बाई म्हणाल्या. "कुस्ती म्हणाला होता. शब्दाला शब्द."

"अहो साहेब," भोंगा मध्येच गरजले, "माझी पोरगी चितपट झालीय! तिच्या पाठीला विचारा, कागद हवा का म्हणून!"

आसपासचे लोक हसले. व्यवस्थापकही अखेर हसले. ते दुष्ट नव्हते. केवळ एकाच वाक्यात राहून राहून वृद्ध झाले होते. "बरं बाबा. दुपारची वेळ तुमचीच."

"दुपारची नको," कुलूप खटकन म्हणाली. "पाय भाजतात. संध्याकाळची द्या."

सगळी संध्याकाळ मिळाली नाही. आठवड्यातले दोन दिवस मिळाले. उरलेल्या दिवसांसाठी मुलींचे भांडण अद्याप चालू आहे आणि ते त्या सोडतील असे मला मुळीच वाटत नाही.

त्यानंतर माझा सत्कार झाला. दोन हातांचा नवा बाहुला आला आणि व्यवस्थापकांनी मला प्रवेशद्वारापाशी काचेच्या कपाटात उभे केले. "ऐतिहासिक वस्तू आहे," ते म्हणाले. "जपून ठेवू." चार दिवस मी पदक घालून काचेआड उभा होतो. आत उंदीर नव्हते. परंतु खांद्यातला भुसा हळूहळू खाली बसू लागला होता आणि ती चाहूल मला चांगली परिचित होती. पाचव्या दिवशी कुलपाने कपाट उघडले.

"अगं, काय करतेस? जपायला नको का त्याला?" व्यवस्थापक धावत आले, एकवीस वर्षांपूर्वी धावले होते तसेच.

"हा काय लोणचं आहे, काचेत ठेवायला?" ती म्हणाली आणि तिने मला खांद्यावर टाकले.

आता मी पुन्हा गादीवर आहे. व्यायामशाळेत आज एकवीस मुली आहेत. नव्या बाहुल्याला दोन हात आहेत, मान्य. पण त्याचे दोन्ही हात मृत आहेत. माझ्या रिकाम्या बाहीत रोज नवा हात असतो, कधी बाईंचा, कधी कुलपाचा. काल सात वर्षांची एक मुलगी माझ्यासमोर उभी राहिली आणि माझ्या पोटावरचे टाके पाहून मागे सरली. "ह्याला लागेल ना," ती म्हणाली.

मित्रांनो, जुन्या वस्तू आपले वृत्त सांगून झाले की सांभाळ करण्याची विनंती करतात. मीही करतो. माझे टाके दर महिन्याला तपासा, बाही उसवली तर शिवा, भुसा ओला होऊ देऊ नका. पण मला आत ठेवू नका. ज्यांनी मला आपटले त्यांनी माझे काही बिघडवले नाही. ज्यांनी मला जपून आत ठेवले त्यांनी माझे अर्धे पोट उंदरांना दिले. आणि तुमच्या घरात, तुमच्या शेजारी एखाद्या मुलीला कोणी मायेच्या स्वरात "जपायला हवं" म्हणून दाराआड बसवत असेल, तर त्यांना माझ्याकडे पाठवा. मला तोंड नाही, पण पाठ आहे, आणि ती काय सांगते ते त्यांना ऐकू येईल.

त्या सात वर्षांच्या मुलीला कुलपाने माझ्यापुढे आणले आणि तिचे दोन्ही हात माझ्या कमरेभोवती ठेवले.

"पाड," कुलूप म्हणाली. "तो उठतो."